थांबवणारी हत्यारं

कोल्हार-भगवतीपूरच्या जुन्या शेतकरी घरांत एक लोखंडी पेटी असतेच. पडवीच्या कोपऱ्यात, नाहीतर कांदाचाळीला लागून असलेल्या खोलीत. कडी तुटलेली, तळाशी वंगणाचा काळा थर आणि त्या थरात रुतून बसलेले पाने. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा. जोडीला पक्कड, छिन्नी, दांडा बदललेली हातोडी, बेअरिंग काढायचा तीन पायांचा पुलर आणि आता कुणीच न वापरणारं इंजिनाचं हँडल.

ही पेटी मोटारीसाठी कुणी जमवलेली नव्हती. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस वाढला. कालव्याच्या पाळीवर जिथं भागेना तिथं विहिरींवर ऑइल इंजिनं बसली. लिस्टर, पीटर, साताऱ्याचं कूपर. आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाल्यावर तर किर्लोस्करच. भर चैत्रात इंजिन बंद पडलं तर मिस्त्री गावातून यायची वाट बघत ऊस थांबत नाही. म्हणून दर वस्तीवर इंजिन खोलता येणारा एक तरी माणूस असायचा आणि त्याच्या घरी ही पेटी असायची. पुढे विजेचे पंप आले, इंजिनं भंगारात गेली. पेटी मात्र राहिली, कारण ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, मोटारसायकल आली.

माझ्या मामांची पेटी अशीच. मामा प्रवरानगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त झालेत, पण हात अजून थांबलेला नाही. उन्हाळ्यात मी माझ्या डिझेल गाडीचा कॅमशाफ्ट घरच्या अंगणात बदलला तो या पेटीच्या आणि मामांच्या भरवशावर. त्या कामाला लागणाऱ्या हत्यारांबद्दल मला लिहायचं आहे. त्यांतली निम्मी पेटीत होती. जी नव्हती ती बहुतेक एका जातीची निघाली, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी कॅमशाफ्टविषयी. एक दांडा, त्यावर ठरावीक जागी अंडाकृती उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा खालच्या वस्तूला दाबतो आणि पुढे सरकून मोकळं करतो. गोल फिरण्यातून वर-खाली हालचाल काढायची ही युक्ती फार जुनी आहे. तुर्कस्तानातल्या दियारबकीरच्या दरबारात काम करणाऱ्या अल-जझरी या कारागिराने 1206 सालच्या ग्रंथात ती वर्णन करून ठेवली आहे. ऑइल इंजिनात हा दांडा खाली, इंजिनाच्या अंगात असायचा आणि लांब काड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उचलायचा. आजच्या बहुतेक गाड्यांत तो वर, हेडवरच आडवा बसतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते. हे गणित दातांच्या पट्ट्याने किंवा साखळीने बांधलेलं असतं आणि ते एका दातानेही चुकून चालत नाही. डिझेल इंजिनात हवा अठरा-एकोणीस पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर आला की हेडखाली जागा उरतच नाही म्हणा ना. त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतो आणि हजारांचं काम लाखाकडे जातं.

माझ्या गाडीचं इंजिन पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या जातीचं आहे. त्यात डिझेलला दाब देणारा वेगळा मोठा पंप नसतो. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरच्या इंजेक्टरला कॅमशाफ्टच रॉकर नावाच्या तरफेकरवी दाबतो आणि दोन हजार बारच्या घरातला दाब तिथल्या तिथं तयार होतो. चार सिलिंडर, प्रत्येकाला व्हॉल्व्हचे दोन आणि इंजेक्टरचा एक, असे बारा उंचवटे एका दांड्यावर. इंजेक्टरच्या रुंद उंचवट्याने जागा घेतली की व्हॉल्व्हच्या वाट्याला अरुंद उंचवटे येतात. दाब तेवढाच आणि अंग कमी. त्यामुळे अशा इंजिनाला तेल नेमक्या प्रतीचंच लागतं. साधं कुठलंही तेल घातलं तर उंचवट्याची धार हळूहळू झिजते आणि उंचवटा आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बसणाऱ्या टॅपेटच्या माथ्याला खळगा पडतो. गाडी माझ्याकडे जुनी होऊन आली. आधीच्या आयुष्यात तिने कुठलं तेल प्यायलं कोण जाणे. थंडीतल्या सकाळी टिक्-टिक् ऐकू यायची, बाभळेश्वरच्या बाजूने मागे ट्रक लागला की ओढ कमी पडायची. वरचं कव्हर काढलं तर तिसऱ्या सिलिंडरचा उंचवटा टोकाला चपटा झालेला आणि कडेला चकाकती रेघ. बोटाने चाचपलं तरी कळत होतं.

खोलायची हत्यारं बहुतेक घरातच निघाली. पाने, गोट्यांचा सेट, लांब दांड्याचा रॅचेट, ॲलन की. एक गोष्ट विकत आणावी लागली: बारा कंगोऱ्यांच्या तोंडाचे बिट. युरोपी इंजिनांत बरेच बोल्ट असे असतात. वरवर बघणाऱ्याला ते ताऱ्याच्या आकाराचे वाटतात, मग तो साधा स्टार बिट घालून जोर लावतो आणि बोल्टाचं तोंड गोल करून बसतो. ते झालं की पुढचं काम वेल्डिंगवाल्याचं. बोल्टाच्या तोंडात साठलेला मळ आधी सुईने खरवडून काढायचा, बिट हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवायचा आणि मगच फिरवायचं. या दोन मिनिटांना आळस करू नये.

गाडी उचलायला हायड्रॉलिक जॅक होताच. पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये, आणि विटांच्या भरवशावर तर नाहीच नाही. आपल्याकडे विटा लावायची पद्धत सर्रास आहे आणि ती मला मनापासून नापसंत आहे. वीट भार सोसते, पण फुटताना सांगून फुटत नाही. लोखंडी स्टँड घ्यावेत, ते जन्मभर पुरतात. दुसरा जॅक इंजिनाखाली लागतो, कारण टायमिंग पट्टा काढायचा तर त्या बाजूचं इंजिनाचं माउंटिंग सोडावं लागतं आणि मग इंजिन लोंबकळतं. तेलाच्या चेंबरवर जॅकचं तोंड थेट टेकवायचं नाही, मध्ये बाभळीची जाड फळी घालायची.

इथवर पेटीने साथ दिली. बोल्ट सुटत होते, पाइप बाजूला होत होते, चाक निघालं, पुली निघाली. सगळं जमतंय म्हणून मी पट्ट्याच्या कव्हरला पाना लावला आणि मामा म्हणाले, "थांब. खोलायचं कुणालाबी येतं. आधी त्याला धर."

मामांचं हे कारखान्याचं शिक्षण. गळीत संपलं की ऑफ सीझनला मिल खोलतात. रोलर, बेअरिंग, गिअर सगळं सुटं होतं आणि दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा जसंच्या तसं उभं राहावं लागतं. खोललेली प्रत्येक पातळ पट्टी तारेत ओवून, चिठ्ठी बांधून ठेवायची, कुठला भाग कशासमोर होता त्याची छिन्नीने खूण करायची आणि फिरणारी गोष्ट फिरणार नाही अशी अडवूनच तिच्यावरचं ओझं काढायचं, ही त्यांची हाताची सवय. ऑइल इंजिनाला एवढं लागत नव्हतं. एक सिलिंडर, गिअरवर ठोकलेल्या दोन खुणा, त्या जुळवल्या की झालं. म्हणून घरच्या पेटीत अडवणारं हत्यार एकही नाही.

या इंजिनाला दोन जागी अडवावं लागतं. खाली क्रँकच्या दातेरी चाकाला आणि वर कॅमच्या हबला. खालच्यासाठी खास बनवलेलं कुलूप मिळतं, एका बाजूने दातांत बसणारं आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या अंगाला धरणारं. ते मागवतानाही बघून मागवावं लागतं, कारण त्याच घराण्यातल्या काही इंजिनांचं खालचं चाक गोल असतं आणि काहींचं किंचित लंबगोल. एकाचं कुलूप दुसऱ्याला बसत नाही. वरची अडवणूक मात्र साधी आहे. हबमधलं आणि हेडमधलं भोक समोरासमोर आलं की त्यातून सहा मिलिमीटरची सरळ पिन घालायची. मामांनी ड्रिलचे बिट चाळले, सहा नंबरचा काढला आणि उलटा करून त्याची गुळगुळीत शेपटी आत सरकवली. घट्ट नाही, सैल नाही. आठशे वर्षांच्या युक्तीला एका ड्रिल बिटाने धरून ठेवलं, याचं मला त्या वेळी जे कौतुक वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. पण पिन ही फक्त जागा दाखवायला असते. तिच्यावर भार टाकून हबचा बोल्ट सोडायचा नाही, तुटेल. बोल्ट सोडताना हब वेगळ्या दांड्याने धरून ठेवायचा.

पट्ट्याचा ताण देणाऱ्या पुलीला दोन भोकं असतात आणि ती फिरवायला दोन खुंट्यांचा पाना लागतो. तिथं सर्क्लिपची पक्कड चालून गेली.

पुढचा अडथळा हबचा. तो कॅमच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की बोल्ट काढूनही हलत नाही. पेटीतला तीन पायांचा पुलर त्याला धरेना, मागे पाय घालायला जागाच नाही. हातोडी मारायची तर हेडच्या ॲल्युमिनियमवर घाव. मी हब मोजून लेथवाल्याकडे गेलो. हबला दातेरी चाक बसवायची तीन भोकं असतातच. त्याने जाड पट्टीतून तसलीच तीन भोकं असलेली चकती काढली आणि मध्ये आटे पाडून मोठा बोल्ट दिला. मधला बोल्ट आवळत गेलं की चकती हबला बाहेर ओढते. हबचा मूळ बोल्ट दोन आटे धरून तसाच ठेवायचा, म्हणजे हब सुटला तरी उडून अंगावर येत नाही. ताण बसला, वरून हलका ठोका पडला आणि टणकन आवाज करून हब मोकळा झाला. कोल्हार, लोणी, राहुरी या पट्ट्यातल्या लेथवाल्यांना नांगराचा फाळ, मोटरपंपाचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरची पिन रोज करावी लागते. त्यांच्यापुढे कागदावर मापं घेऊन जावं, तोंडी सांगू नये, म्हणजे ते कंपनीच्या तोडीचं हत्यार देतात.

मग कॅमच्या टोप्या. पाच टोप्या, एकेकीला नंबर, एकीच्या जागी दुसरी लागत नाही आणि उलटीही बसत नाही. खालून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दांड्याला वर ढकलत असतात. एकीकडून सगळ्या सोडत गेलं तर दुसऱ्या टोकाला धरलेला दांडा मध्येच मोडतो. म्हणून आधी एक, तीन, पाच नंबरच्या काढायच्या आणि दोन नि चार नंबरच्या आळीपाळीने, थोड्या थोड्या. बसवताना उलट: आधी दोन आणि चार, मग बाकीच्या. जुने टॅपेट काढून ओळीने वर्तमानपत्रावर मांडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटच्या माथ्यावर बोटाचं पेर बसेल एवढा खळगा होता. नवा कॅम घातला की नवे टॅपेटही घालावेत. जुना खळगा नव्या उंचवट्याला जगू देत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, मोजून आवळणं. टोप्यांचे बोल्ट आधी 8 न्यूटन-मीटर आवळायचे आणि मग पाव फेरी आणखी. 8 म्हणजे फारच थोडं, मनगटाची नुसती चाहूल. आपल्याकडच्या ट्रॅक्टर गॅरेजात टॉर्क पाना असतो, पण त्याचा काटा सुरूच 40 च्या आसपास होतो, चाकाच्या आणि हेडच्या बोल्टांसाठी. त्याने 8 कळत नाहीत. मामांनी यावर हिशेब मांडला. पाना वीस सेंटिमीटर लांब धरला आणि टोकाला चार किलोची ओढ दिली तर साधारण 8 होतात. घरी धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे, तो अडकवून काटकोनात ओढायचा. हिशेब पक्का होता आणि अडचणीत तो मी नक्की वापरीन. पण तेवढ्यात गावातल्या मोटारसायकल मिस्त्रीकडे लहान टॉर्क पाना असल्याचं कळलं. तो त्याने कापडात गुंडाळून दिला आणि "दादा, खाली पाडू नका" एवढंच बजावलं. पाव फेरीसाठी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली. सगळ्या रेघा एका दिशेच्या काटकोनात येऊन थांबल्या की काम झालं. रॉकर शाफ्टचे बोल्ट मात्र नवेच घ्यायचे. ते आवळताना ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, एकदा ताणले की दुसऱ्यांदा भरवशाचे राहत नाहीत. सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेसारखा दुसरा बाजार नाही. पण बोल्ट, पट्टा, ताण देणारी पुली, वॉटर पंप, सील यांची यादी हातात असल्याशिवाय तिकडे फोन करू नये.

कॅमच्या टोकाचं सील पीटीएफईचं होतं. मामांचा हात सवयीने तेलाच्या कानाकडे गेला, कारण जुनी रबरी सीलं तेल लावून बसवतात. हे मात्र कोरडंच बसवायचं असतं. मी सांगितल्यावर त्यांनी ते सील उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, हातातलं तेल पुसलं आणि मग स्वतःच बसवलं. आयुष्यभराची सवय क्षणात बाजूला ठेवणारा हा त्यांचा स्वभावच मला त्यांच्या हाताच्या कसबापेक्षा मोठा वाटतो.

शेवटचं मोजमाप इंजेक्टरचं, आणि ते पट्टा चढवून कुलूप आणि पिन काढल्यावरच घ्यायचं. डायल गेज रॉकरच्या स्क्रूवर टेकवायचा, इंजिन पान्याने हळूहळू फिरवत इंजेक्टर पूर्ण दाबला जातो ती जागा शोधायची, तिथं स्क्रू आत घट्ट लागेपर्यंत फिरवायचा आणि बरोबर अर्धी फेरी मागे आणून नट लॉक करायचा. ही अर्धी फेरी म्हणजे इंजेक्टर फुटू नये म्हणून ठेवलेली मोकळीक. डायल गेज त्याच लेथवाल्याने दिला. त्याचं पोट भरायचं हत्यार ते, त्याशिवाय त्याचा एक जॉब सेंटर होत नाही. तरी दिला, दिवे लागायच्या आत परत हवा म्हणाला.

पट्टा चढला, कुलूप काढलं, पिन काढली. पान्याने इंजिन दोन फेऱ्या हाताने फिरवलं. कुठंही अडकलं नाही. पुन्हा पिन घालून पाहिली, अलगद गेली, म्हणजे गणित जुळलं. त्यानंतर अर्धा तास किल्लीला हात लावायचा नाही, कारण हायड्रॉलिक टॅपेट आतलं तेल सोडून आपल्या उंचीला बसायला तेवढा वेळ घेतात. घाई केली तर व्हॉल्व्ह उघडे राहून पिस्टनला भिडतात. चहा झाला. गाडी सुरू झाली. टिक्-टिक् गेली.

या सगळ्यानंतर एक गोष्ट मनात घर करून आहे. आमच्या भागात खोलणारी हत्यारं घरोघर आहेत. अडवणारी आणि मोजणारी हत्यारं एकेका माणसाच्या पोटापाण्याशी बांधलेली आहेत. ती मिळाली ती ओळखीवर, कुणाचा तरी दिवस अडवून. ज्याला अशी ओळख नाही, तो अंदाजाने आवळतो. नवी इंजिनं दिवसेंदिवस मापावर जगणारी होत चालली आहेत. ट्रॅक्टरमध्येही आता अंदाज चालत नाही. हत्यारं नसल्यामुळे चांगल्या हातांचे पोरगे फक्त चाकं बदलायच्या कामावर राहतात, हे मी नगर-मनमाड रस्त्याकडेच्या गॅरेजांत पाहतो. शिर्डीच्या वाटेवरची गाडी रात्री बंद पडली तर हीच पोरं धावून जातात.

आपल्याला सामाईक मालकी नवी नाही. एकट्या शेतकऱ्याला गुऱ्हाळापलीकडे काही परवडत नव्हतं, म्हणून विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगावचे शेतकरी एकत्र आणले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले आणि 1950 साली इथून हाकेच्या अंतरावर, प्रवरानगरला, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या मातीत लोकांनी मिळून कारखाना घेतला, तिथं एक कपाट घेणं जड नाही. गावातल्या सोसायटीच्या नाहीतर वाचनालयाच्या एका खोलीत ते ठेवता येईल. त्यात लहान आणि मोठा असे दोन टॉर्क पाने, कोन मोजायची चकती, चुंबकाच्या स्टँडसह डायल गेज, फिलर गेज, मायक्रोमीटर, बारा कंगोऱ्यांच्या बिटांचा सेट, दोन-तीन जातींचे पुलर आणि इथं चालणाऱ्या गाड्यांच्या टायमिंग कुलपांचे डबे. बोलेरो, स्विफ्ट, इंडिका यांचे आधी. आणि एक वही.

मी हे गावातल्या दोघा-चौघांपुढे मांडलं आहे. लेथवाला म्हणतो, जुना डायल गेज तो कपाटाला देईल, मात्र नवा आल्यावर. किल्ली मामांकडे राहावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मामांनी होकार दिला. त्यांची अट एकच आहे. टॉर्क पाना परत करताना त्याचा आकडा शून्याकडे आणून, स्प्रिंग सैल करून द्यायचा. आवळलेल्या स्प्रिंगसकट आणून ठेवणाऱ्याला पुढच्या वेळी पाना मिळणार नाही, मग तो सोसायटीचा चेअरमन असला तरी.